प्रेडिक्टिव्ह ड्रायव्हर ब्लॉक: चालक बरा, पण नजर मीटरमध्ये मोजतो

सिम्युलेशनमध्ये गाडीचं मॉडेल कितीही काटेकोर केलं तरी स्टिअरिंग फिरवायला कुणीतरी लागतंच. मॅथवर्क्सच्या (मॅटलॅब बनवणारी कंपनी) व्हेइकल डायनॅमिक्स ब्लॉकसेट या तयार मॉडेल-ब्लॉकच्या संचामधला ‘प्रेडिक्टिव्ह ड्रायव्हर’ हा त्यासाठीचा तयार भाडोत्री चालक. गणित मिशिगन विद्यापीठाच्या सी. सी. मॅकॅडम यांचं, 1980-81 मधलं. आत्ताचा स्टिअरिंग कोन तसाच राहिला तर ‘एल’ मीटर पुढे गाडी कुठे असेल, हे चालक आतल्या सोप्या दोन-चाकी मॉडेलवरून काढतो. तिथे मार्गापासून पडणारं अंतर मिटेल इतका कोन तो देतो, तोही ‘टाउ’ सेकंद उशिराने.

खरी गोम एलमध्ये आहे. माणूस पुढचं पाहतो ते साधारण वेळेच्या हिशोबाने, इथे आकडा भरायचा मीटरमध्ये. एल 20 ठेवलं तर ताशी 36 किमीला नजर 2 सेकंद पुढे असते, 108 ला जेमतेम 0.67. गाडीला निव्वळ बिंदू मानून हिशोब केला, तर टाउ या वेळेच्या 0.52 पटीहून मोठा झाला की चालक-गाडीचा लूप अस्थिर होतो, म्हणजे दुरुस्ती करता करता डोलणं वाढतच जातं. म्हणजे 108 ला मर्यादा 0.35 सेकंद. टाउ 0.25 दिलात तर शिल्लक 0.1, आणि ती टायर आणि गाडीच्या स्वतःच्या सुस्तीतच संपते. मग गाडी सरळ रस्त्यावरही डुलायला लागते आणि लोक सस्पेन्शनवर संशय घेतात! प्रत्येक वेगाला एल वेगळं द्या; सुरुवात एका सेकंदाच्या अंतराने करा, ताशी 80 ला 22 मीटर.

आयएसओ 3888-1 या प्रमाणित चाचणीत, म्हणजे शंकूंमधून शेजारच्या लेनमध्ये जाऊन परत येण्याच्या दुहेरी लेन-बदलात (एकूण 125 मीटर, पहिला तिरका टप्पा 30 मीटर) हे जुळवणं सोपं पडतं. शेवटच्या शंकूनंतर स्टिअरिंगचा आलेख डुलतच राहिला तर एल वाढवा. गाडी पहिलाच शंकू आतून उडवत असेल तर कमी करा. दोन सेकंदांची नजर इथे चालत नाही: चालकाला तिरका टप्पा सुरू होण्याआधीच पलीकडची लेन दिसते आणि तो वळण आतून कापतो.

भरताना दोन जागी हमखास फसगत होते. टायरचा कडकपणा (टायर तिरका झाल्यावर मिळणारं आडवं बल) न्यूटन प्रति रेडियन हवा. प्रति अंशाचा आकडा टाकला की 57 पट चूक. आकडा एका टायरचा की पूर्ण ॲक्सलचा, तेही ताडून पाहा. अर्धा पडला तर गाडी फार ऐकत नाही असं समजून चालक वेगात हात जास्त फिरवतो. शिवाय ब्लॉकसेटमध्ये झेड अक्ष खाली आणि वाय अक्ष उजवीकडे असतो. वाय डावीकडे धरून काढलेला मार्ग जसाच्या तसा दिला तर गाडी आरशातल्यासारखी उलट वळते.

मर्यादा मोठी आहे ती टायरची. आतलं मॉडेल रेषीय, म्हणजे कोनाच्या प्रमाणात बल वाढतच राहतं असं मानणारं, त्यामुळे ओल्या रस्त्यावर पकड संपली तरी चालकाला वाटतं, आणखी वळवलं की आणखी बल मिळेल. तो कमाल कोनापर्यंत जातो, आणि पकड परत येते तेव्हा चाकं तिथेच अडकलेली असतात. कमाल कोनाचा आकडा म्हणूनच खऱ्या गाडीचा द्या, ढोबळ नको.

याच संचातल्या लॅटरल ड्रायव्हर ब्लॉकमध्ये स्टॅनलीचा पर्यायही मिळतो. 2005 ची डार्पा ग्रँड चॅलेंज ही चालकविरहित गाड्यांची शर्यत जिंकणाऱ्या स्टॅनफर्डच्या गाडीचा तो नियम. मार्ग चोख पाळतो, पण त्यात माणसाचा उशीर नाही. ईएससीच्या (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) दोन ट्यूनिंगची तुलना करायची तर प्रेडिक्टिव्हच घ्या. लेन-असिस्टशी (गाडी लेनमध्ये ठेवायला स्वतः स्टिअरिंग वळवणारी यंत्रणा) माणूस कसा झगडेल हे पाहायचं असेल तर दोन्ही अपुरे. तिथे जवळचा आणि लांबचा असे दोन नजर-बिंदू आणि हातांच्या स्नायूंचं मॉडेल स्वतःच बसवावं लागतं.