किडनी पेशंटचा डबा, सात रस्ता, सोलापूर – चार स्टार, एक कापला

आमच्या अण्णांचं डायलिसिस चालूय, त्यांच्यासाठी सात रस्त्याजवळच्या एका घरगुती मेसचा डबा लावलाय. किडनी गेली की पोटाचे काय हाल होतात हे घरात पेशंट असल्याशिवाय कळत नाही बघा. रक्तात युरिया वाढला की मळमळ, उचकी, तोंडाला अमोनियाचा वास, आणि काहीही खाल्लं तरी पत्रा चाटल्यासारखं लागतं, अशा माणसापुढं बिनमिठाचं पांचट वरण ठेवलं तर तो ताट सरकवणारच की.

इथल्या मावशींना हे बरोबर कळलंय. मीठ अगदी नावाला, पण जिरं-लसणाची खमंग फोडणी, कोथिंबीर, वरून लिंबाचे चार थेंब, त्यामुळं घास उतरतो. दुधी, दोडका, कोबी आलटून पालटून देतात, भाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळायची, ते पाणी ओतून द्यायचं आणि मग फोडणी, म्हणजे पोटॅशियम कमी होतं, हे मी स्वतः उभी राहून बघितलंय. अण्णांना शुगर पण जुनी, जठरातनं अन्न लवकर पुढं सरकत नाही, थोडं खाल्लं की पोट टम्म, म्हणून एकाचे दोन छोटे डबे करून मागितले तर जादा पैसे न घेता दिले.

स्टार कापला तो वेळेसाठी. फॉस्फरसची गोळी जेवणासोबतच घ्यावी लागते, तरच ती अन्नातला फॉस्फरस धरते, आणि डबा कधी साडेबाराला कधी दोनला! एकदा तर आत शेंगा चटणीची पुडी निघाली. सोलापूर झालं म्हणून काय, मीठ पोटॅशियम फॉस्फरस सगळं एका पुडीत? अण्णा मात्र जाम खूश.

बद्धकोष्ठ काही गेलं नाही, पण त्यात मेसचा दोष नाही. पाणी मोजून, फळं-पालेभाज्या मोजून, वर फॉस्फरसच्या आणि लोहाच्या गोळ्या, पोट साफ होणार कसं? आणि किडनी काम करत नसली की पोटॅशियम नेहमीपेक्षा जास्त शौचावाटे जातं, म्हणून तुंबून चालत नाही. मावशी इसबगोल सांगत होत्या, त्याला पाणी लागतं, डॉक्टरांनी लॅक्टुलोज दिलंय. मेडिकलमधून मनानं मिल्क ऑफ मॅग्नेशिया आणू नका, मॅग्नेशियम अंगात साठतं. शौच काळी दिसली तर लोहाच्या गोळीनं असेल म्हणून गप्प बसू नका, पोटात रक्तस्राव पण असू शकतो, लगेच दाखवा.

नेहमीच्या मेसपेक्षा महाग आहे, पैसे आगाऊ घेतात. डायलिसिसच्या दिवशी डबा नको असेल तर आदल्या रात्री फोन करा, पैसे वळते करतात.