कॉम्बो की साधा साउंडर? आधी होडी कुठे उभी राहते ते सांगा

१ जूनला मासेमारीची बंदी लागली, होड्या वर ओढल्या, की ३१ जुलैपर्यंत ज्याला त्याला आपल्या होडीत काहीतरी नवीन बसवायची खाज सुटते. यंदा तीन जणांनी मला एकच प्रश्न विचारलाय, फिश फाइंडर (पाण्यात आवाज सोडून खोली, तळ नि मासा दाखवणारं मशीन) कुठला घेऊ, साइड स्कॅनवाला, म्हणजे होडीच्या दोन्ही बाजूंचं पण दाखवणारा मोठा कॉम्बो, की फक्त खालचं दाखवणारा साधा बटणवाला साउंडर? दोन्ही वापरून झालेत म्हणून एकदाच लिहून टाकतो. माझी होडी वीस फुटी, फायबरची, मागे ओबीएम (बाहेर लटकणारं इंजिन), आणि उभी असते मुंबईत वेसाव्याच्या खाडीत. हे शेवटचं नीट लक्षात ठेवा, सगळं तिथेच येऊन अडकणार आहे.

मशीन किती वॅटचं आणि स्क्रीन किती इंची, त्याचं मी काही बोलत नाही, ते दुकानदार सांगतोच. आपण जातो ते १०-१५ वाव (एक वाव म्हणजे सहा फूट) पाण्यात, तेवढ्याला दोन्ही पुरून उरतात. फक्त मासा दिसण्याबद्दल एक सांगतो, कारण बरेच जण पहिल्याच फेरीत मशीनला शिव्या घालतात. मशीनने सोडलेला आवाज परत येतो तो मुख्यतः माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवरून. घोळीला ती चांगली मोठी असते (जिला आपण बोत म्हणतो आणि जिच्यापायी घोळीला एवढा भाव येतो तीच), म्हणून घोळ स्क्रीनवर ठळक कमान काढते. सुरमईला ती नसतेच, बोंबिलाला पण नसते. सुरमई वरून जाईल आणि स्क्रीनवर पुसट रेघ दिसेल, त्यात कंपनीचा काही दोष नाही, कॉम्बोचाही नाही नि साध्याचाही नाही. आणि डोलवाल्यांनी (डोल म्हणजे पिशवीसारखं जाळं) तर या भानगडीत पडूच नये, डोल प्रवाहाला लावायची, मासा शोधत कोण फिरतं.

तर कॉम्बो. मी आधी तोच घेतला, दोन सीझन वापरला. खोटं कशाला बोलू, पहिले दोन महिने मी त्या स्क्रीनवरून नजर काढत नव्हतो. आपल्याकडे तळ म्हणजे बहुतेक चिखलच, मधेच कुठेतरी खडप (खडकाळ जागा) येते आणि हेकरू, तांब असले मासे काय ते तिथेच. साध्या साउंडरला ती खडप नेमकी होडीच्या खाली यावी लागते. त्याच्या आवाजाचा २०० किलोहर्ट्झचा झोत वीसेक अंशाचा धरला तर १० वाव पाण्यात तळाला पडणारा गोल जेमतेम वीस फुटांचा, म्हणजे आपल्या होडीएवढाच. कॉम्बो उजवी-डावी दोन्हीकडचं दाखवतो, एका फेरीत जागा कळते. नवीन जागा शोधणाऱ्याला ही मोठी सोय आहे, ते मी नाकारत नाही. खाऱ्या पाण्यात ती उंच फ्रिक्वेन्सी लवकर दमते, जाहिरातीतल्या गोड्या तळ्यातल्यासारखं स्वच्छ चित्र येत नाही, पण कामापुरतं येतं.

माझं बिनसलं ते स्क्रीनवरून नाही, मागे लटकणाऱ्या त्या दांडक्यावरून. साइड स्कॅनचा ट्रान्सड्युसर (आवाज सोडणारा नि परत ऐकणारा भाग) हातभर नाही तरी चांगला वीतभर लांब असतो आणि तो होडीच्या मागच्या फळीवर, पाण्यातच लटकवावा लागतो, फायबरच्या आत चिकटवून साइड स्कॅन चालत नाही. आता आमची खाडी. उधाणाला भरतीचं पाणी साडेचार मीटरच्या वर जातं, आणि त्याच दिवशी ओहोटीला सगळी खाडी उघडी, होडी चिखलात बसलेली. होडी बसली की दांडकं पण बसतं. ब्रॅकेट वर ढकललं जातं, खाचेत काळा गाळ भरतो, भरती आली की होडी उचलली जाते पण दांडकं वाकडंच राहतं, आणि हे कळतं कधी, तर पहाटे खाडीच्या तोंडाबाहेर पडून इंजिनला जरा जोर दिला की स्क्रीन कोरी आणि खोलीचा आकडा लुकलुकतोय. कोन दोन-चार अंशांनी जरी फिरला ना, तरी फेसाळ पाणी त्याच्याखाली येतं आणि आवाज फेसातच मरतो. मग मी मागे ओणवा, एका हातात पाना, दुसऱ्या हाताने इंजिन धरलेलं, होडीवर माझ्यासोबत असणारा काका पुढे बसून म्हणतोय "झालं का रे तुझं टीव्हीचं?" हे एकदा नाही, जवळजवळ दर उधाणाला. त्यात प्लास्टिक. आपल्या समुद्रात पिशवी कुठे अडकायची ती बरोब्बर तिथे अडकते. शेवटी एकदा जाळं ओढताना त्याच्यात गुंतलं, जाळं फाटलं आणि ब्रॅकेट पण तुटलं, त्या दिवशी काका काही बोलला नाही, ते जास्त लागलं.

कंपनी बदलून हे गेलं असतं का? मला वाटत नाही, चूक माझी होती, मी स्क्रीन बघून घेतला आणि खाली काय लटकणार ते बघितलंच नाही.

आता साधा. पाच इंची, बटणं, आत जीपीएस आहे पण नकाशा नाही, जागा मार्क करता येते एवढंच. त्याचा ट्रान्सड्युसर मुठीएवढा, तो मी होडीच्या आत तळाला इपॉक्सीने चिकटवलाय. बाहेर काहीच नाही. होडी चिखलात बसो, वाळूत बसो, त्याला काय पडलंय. दीड सीझन झाला, मी त्याला पुन्हा हात लावलेला नाही.

पण हे सगळ्यांच्या होडीत जमेलच असं नाही. भरीव फायबर पाहिजे. मधे फोम किंवा प्लाय असेल, किंवा लाकडी होडीवर फायबर मारलेलं असेल (आपल्याकडे अशा पुष्कळ आहेत), तर आवाज आतच मरतो, तिथे बाहेरूनच लावावा लागेल. म्हणून आधी चिकटवू नका. होडी पाण्यात असताना ट्रान्सड्युसर पाणी भरलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत घालायचा, पिशवी आतून तळावर दाबून ठेवायची आणि आकडा बघायचा, मग तोच ट्रान्सड्युसर बाजूने पाण्यात सोडून परत बघायचा. दोन्ही जुळले तर ती जागा पक्की. इपॉक्सी सावकाश सुकणारी घ्या, बुडबुडा एक पण राहता कामा नये, सिलिकॉन तर नकोच. केबल जास्त झाली तर गुंडाळून ठेवा, कापून जोडू नका, आणि व्हीएचएफ रेडिओच्या वायरीपासून लांब न्या. बॅटरी शक्यतो वेगळी.

तोटे आहेतच. फायबरमधून थोडा जोर कमी होतो, मला १५ वावांपर्यंत तरी जाणवला नाही. पाण्याचं तापमान चुकीचं येतं, तो बिचारा होडीच्या तळाचं तापमान सांगतो. आणि नवीन खडप शोधायला चकरा मारायला लागतात, रुंद झोत लावला तर १० वावांत पन्नासेक फुटांचा गोल मिळतो पण मग बारकावा जातो. यावर माझा इलाज म्हणजे काका. किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून तो अजून जागेवर नेतो, मी तिथे बटण दाबून मार्क करतो. मशीनवर खोली वावांत लावून ठेवलीय, म्हणजे त्याला माझ्याकडून हिशोब करून घ्यायला लागत नाही. आता तर तो न विचारता स्वतःच वाकून बघतो.

तुमची होडी कायम तरंगती असेल, बोयाला बांधलेली, तर माझं ऐकू नका, कॉम्बोच घ्या कदाचित. माझा जुना सेट मांडव्याच्या एकाने घेतला, नवीन ब्रॅकेट टाकून. त्याची बोट ओहोटीला पण पाण्यातच असते. मागच्या महिन्यात त्याने एका खडपेचा फोटो पाठवला, साइड स्कॅनवरचा, एवढा साफ की मी दोन मिनिटं बघतच बसलो.