साथीच्या काळात किराणा दुकान: फवारणी, खेळती हवा की यादीवर माल?

साथ पसरू लागली की मध्यम आकाराच्या किराणा दुकानाच्या मालकाला ठरवावे लागते की हाताशी असलेले पैसे आणि माणसे पुसण्या-फवारण्यावर लावावीत, हवा खेळती ठेवण्यावर लावावीत, की गिऱ्हाइकाला आत न घेता यादीवर माल द्यावा. आजार श्वासावाटे पसरतो की हातातोंडावाटे, यावर हा निर्णय मुख्यतः अवलंबून असतो.

कोविडच्या सुरुवातीला सर्वांचा भर पुसण्यावर होता. मार्च २०२० मधील एका प्रयोगशाळेतील अभ्यासात हा विषाणू प्लास्टिक आणि स्टीलवर ७२ तासांपर्यंत आढळला आणि लोक दुधाच्या पिशव्याही साबणाने धुऊ लागले. परंतु वस्तूवर विषाणू सापडणे वेगळे आणि त्यामुळे माणूस आजारी पडणे वेगळे. अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राने एप्रिल २०२१ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार, दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागून कोविडचा संसर्ग होण्याची शक्यता साधारणतः १०,००० मध्ये १ पेक्षाही कमी होती. माणसांवर जंतुनाशक फवारण्याचा प्रकार तर निव्वळ दिखाऊ होता, आणि केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १८ एप्रिल २०२० रोजीच त्याविरुद्ध सूचना काढली होती.

श्वासावाटे पसरणाऱ्या आजारात पहिला खर्च हवेवर करणे माझ्या मते अधिक शहाणपणाचे आहे, आणि तो फारसा मोठाही नसतो. रस्त्याकडे पूर्ण शटर उघडणाऱ्या जुन्या दुकानाला इथे आयताच फायदा मिळतो. मागच्या भिंतीत एक एक्झॉस्ट पंखा बसवला की पुढून ताजी हवा येऊन मागून बाहेर जाते. काचा बंद करून एसी लावणाऱ्या स्वयंसेवा दुकानाची अडचण मोठी, कारण साधा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा थंड करून फिरवत राहतो. श्वासातून सुटणारा कार्बन डायऑक्साइड मोजणारे छोटे यंत्र ठेवले आणि आकडा ८०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ८०० भागांच्या) वर जाऊ लागला, म्हणजे हवा कोंडू लागली, तर दार उघडावे किंवा आतली माणसे कमी करावीत. गल्ल्यापुढचा प्लास्टिकचा पडदा खोकल्याचे मोठे थेंब अडवतो, मात्र सूक्ष्म कण त्याच्या कडेने फिरून येतात, आणि तो छतापर्यंत ताणला तर वाऱ्याची वाटच बंद होते.

यादी फोनवर घेऊन माल बांधून ठेवण्याच्या पद्धतीत गिऱ्हाईक आत थांबतच नाही, म्हणून ती सर्वांत सुरक्षित. पण त्यासाठी माल काढायला जास्त हात लागतात आणि समोर दिसले म्हणून घेतले जाणारे बिस्किटांचे पुडे विकले जात नाहीत. शिवाय गर्दी फुटपाथवर सरकते, तिथे खडूची वर्तुळे आखली तरी ती पाळून घ्यायला माणूस उभा करावा लागतो. घाऊक बाजारातला धोका तर या पद्धतीने टळत नाहीच. मे २०२० मध्ये वाशीचा कृषी उत्पन्न बाजारच काही दिवस बंद ठेवावा लागला होता.

नोरोव्हायरस (जुलाब-उलट्यांचा विषाणू), कावीळ अ (हिपॅटायटिस ए) किंवा कॉलरा अशा हातातोंडावाटे पसरणाऱ्या आजाराची साथ असेल, तर मात्र हा क्रम बदलतो. तेव्हा पंख्याचा उपयोग नाही. हात, पिण्याचे पाणी, सुटा माल काढायचे माप आणि पनीर किंवा चिरलेल्या फळांसारखे न शिजवता खाल्ले जाणारे पदार्थ यांकडे लक्ष द्यावे लागते. नोरोव्हायरसवर अल्कोहोलचे सॅनिटायझर फारसे चालत नाही, त्यामुळे मागे साबण आणि वाहते पाणी असलेच पाहिजे. पुसण्यासाठी ब्लीच वापरताना ते संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो.

दोन्ही प्रकारच्या साथींत सर्वाधिक वेळ दुकानात असतो तो नोकर, आणि या तुलनेत त्याचाच विचार बहुधा राहून जातो. नोरोव्हायरसमध्ये जुलाब-उलट्या थांबल्यावरही किमान ४८ तास त्याने खाद्यपदार्थ हाताळू नयेत, असा सर्वसाधारण नियम आहे. त्या दोन दिवसांची मजुरी कापली जाणार असेल, तर तो आजार लपवून कामावर येण्याचीच शक्यता जास्त. म्हणून वरीलपैकी कोणताही पर्याय निवडला तरी भरपगारी रजेची रक्कम आधीच बाजूला काढून मगच उरलेल्या पैशांची वाटणी करावी.