वेबॅक मशीन: गुपचूप बदललेली बातमी पकडणारी सेवा

वेबपानांच्या जुन्या प्रती जपणारी, इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेची ही मोफत सेवा २००१ पासून सर्वांसाठी खुली आहे. बातमीचा मथळा गुपचूप बदलला, ‘हत्याकांड’चे ‘चकमक’ झाले, असा संशय आला की आधी इथे यावे.

पानाचा पत्ता टाकला की कॅलेंडर उघडते. निळा ठिपका म्हणजे पान नीट साठवलेले, हिरवा म्हणजे दुसरीकडे वळवलेले. ‘चेंजेस’मध्ये साठवणीच्या दोन तारखा निवडल्या की दोन्ही प्रती शेजारी येतात आणि काढलेला व घातलेला मजकूर वेगळ्या रंगांत दिसतो. पक्षपाताच्या आरोपाला एवढा ठोस आधार क्वचितच मिळतो. स्वतः पान जपायचे असेल तर ‘सेव्ह पेज नाऊ’ वापरा. मिळालेल्या दुव्यातला १४ अंकी आकडा म्हणजे तारीख-वेळ, पण ती यूटीसीमध्ये, म्हणजे भारतापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेत असते. ते तास मिळवायला विसरलात तर पहाटेची बातमी आदल्या दिवसाची ठरते!

व्हिडिओ आणि लॉगिनमागच्या पोस्टी मात्र बहुधा अर्धवटच साठतात. ही उणीव गंभीर आहे. २०१७ मध्ये यूट्यूबच्या स्वयंचलित गाळणीने सीरियातील युद्धाचे हजारो व्हिडिओ काढले. त्यांत अत्याचारांचे पुरावे होते. म्हणून मूळ फाइल उतरवून तिचा शा-२५६ हॅश, म्हणजे फाइल जराही बदलली तर बदलणारा तिचा डिजिटल ठसा, लगेच नोंदवा.

साइटच्या मालकाने मागणी केल्यास इथल्या प्रतीही हटू शकतात. २०१७ मध्ये तर न्यायालयाच्या आदेशामुळे ही साइटच भारतात काही काळ बंद होती. महत्त्वाच्या पानाची पीडीएफ प्रत स्वतःजवळ ठेवाच.