सागवान म्हणून एमडीएफची पाटी गळ्यात मारली

नवीन घरासाठी लाकडी नावाची पाटी करून घेणाऱ्या कोल्हापूरकरांनी हे वाचून मगच अ‍ॅडव्हान्स द्यावा. आम्ही दांडेली सागवानाचे म्हणून ९,५०० रुपये मोजले. त्यात साग होता तो फक्त वरच्या पापुद्र्यात आणि कडेच्या पट्टीत. बाकी आत सगळा एमडीएफ, म्हणजे लाकडाचा बारीक भुसा गोंदानं दाबून केलेला बोर्ड.

घर कळंब्याकडं, दर्शनी भिंत पश्चिमेला, म्हणजे पावसाची सगळी झड तिथंच. पाटी ३ फूट बाय १ फूट, दीड इंच जाड, 'मातृछाया' ही उठावाची अक्षरं एकाच फळीतून कोरायची, असं ठरलं होतं. दुकानदार बोलायला साखर. "सायेब, अंबाबाईच्या गरुड मंडपाला लागतंय त्योच साग. नातवंडं म्हातारी हुतील, पाटीला काय हुयाचं न्हाई." देवीचं नाव घेतल्यावर कोल्हापुरात पुढं कोण बोलणार?

पाटी हातात देताना म्हणाला, "वजन बघा की!" वजन होतंच. वाळलेलं सागवान घनफुटाला साधारण १८-१९ किलो भरतं आणि एमडीएफ तेवढंच, बऱ्याचदा त्याहून जड. त्यामुळे 'जड आहे म्हणजे अस्सल' हा घरोघरी मिळणारा सल्ला इथे काडीच्या उपयोगाचा नाही. वरच्या रेषाही सागाच्याच होत्या, कारण वर चिकटवलेला व्हिनिअर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, खऱ्या सागाचा होता.

आषाढात झड लागली आणि अक्षरं फुगायला लागली. 'छ'च्या गाठीजवळ सोनेरी रंग तडकला, आतून तपकिरी भुसा डोकावू लागला, आणि एका सकाळी ते अक्षर चहात बुडवलेल्या खारीसारखं मऊ होऊन पायरीवर पडलेलं सापडलं. त्याच्या जागी पाटीवर नुसते वाळलेल्या गोंदाचे ओघळ. कोरीवकाम कसलं, मशीनवर कापलेली अक्षरं चिकटवली होती.

पाटी ओळखीच्या एका सॉ मिलमध्ये नेली. तिथल्या मिस्त्रींनी पटाशी घालून कडेची पट्टी उचकटली. आत १८ मिलिमीटरचे दोन एमडीएफचे तुकडे एकावर एक दाबलेले. ना रेषा, ना छिद्रं, पुठ्ठ्यासारखी सपाट कड. मिस्त्रींनी बाजूचा सागाचा तुकडा उचलला, टोकाच्या आडव्या कापावर रंधा फिरवला आणि माझ्यापुढं धरला. वर्षावर्षाची वलयं, प्रत्येक वलयाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची ओळ, बोटाला तेलकटपणा आणि चामड्यासारखा वास. कडेचा पांढरट भाग दाखवून म्हणाले, "ह्यो पण सागच, पण ह्याला वाळवी सोडत न्हाई. गाभ्याचंच घ्यायचं." म्हणजे अस्सल साग मिळाला तरी पांढरी किती आहे ते बघावंच लागतं.

आता मागं वळून बघितलं की प्रत्येक 'सजावट' कशासाठी होती ते कळतं. चारी बाजूंनी बॉर्डर पट्टी, म्हणजे कड दिसायला नको. मागं काळा सनमायका, म्हणजे पाठ दिसायला नको. अक्षरांना सोनेरी रंग, आणि तो त्यानंच आग्रहानं, वर पैसे न घेता मारून दिला होता. खऱ्या कोरीव पाटीत अक्षरामागच्या सपाट भागावरची लाकडाची रेष अक्षराच्या दिशेनं जाते आणि पलीकडं तशीच पुढं निघते. चिकटवलेल्या अक्षरापाशी ती तुटते. रंग मारला की हे बघायची सोयच उरत नाही.

दुकानदाराला पाटी दाखवली तर म्हणाला, "वरचा पापुद्रा सागाचाच हाय की. बिलात बघा, टीक फिनिश लिवलंय." खरोखरच तसं लिहिलेलं होतं. पाटी बाहेर लावायची आहे हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, त्यावर मात्र उत्तर नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवल्यावर त्यानं निम्मे पैसे परत केले. उरलेल्यांसाठी जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी लागत नाही आणि तक्रारीला २ वर्षांची मुदत असते.

तुम्ही पाटी टाकणार असाल तर कोरण्याआधी कोरी फळी बघा आणि तिच्या पाठीवर सही करून या. कोरून झाल्यावर, पॉलिशच्या आधी, पुन्हा जा; सही तिथंच असली पाहिजे. बिलावर 'सागवान, अखंड फळी, अक्षरं त्याच फळीतून कोरलेली' असं लिहून घ्या. हिशेबही स्वतः करा: ३ फूट गुणिले १२ इंच गुणिले दीड इंच भागिले १४४, म्हणजे ०.३७५ घनफूट. लाकडाचे पैसे तेवढेच, बाकी मजुरी, आणि मजुरी खुशाल जास्त असू दे. आडव्या फळीत शिरोरेषा लाकडाच्या रेषेबरोबर जाते म्हणून ती टिकते, काना मात्र रेषेला आडवा येतो आणि बारीक ठेवला तर टवका उडतो. हातानं कोरणारा कारागीर काना जाड ठेवूया का, असं आपणहून विचारतो. आमच्या दुकानदारानं विचारलं होतं ते एवढंच, की सोनेरी रंग चकचकीत पाहिजे का मॅट.