नदीवरचा पूल तपासायचा: ड्रोन की पाण्याखालचा रोबो?

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा जुना दगडी पूल पुरात वाहून गेला. वरून धड दिसणारा पूल पाण्याखाली कसा आहे, हा प्रश्न तेव्हापासून जास्तच टोचतो.

ड्रोनचं काम पाण्याच्या वर. भेगा, पोपडे, उघडी पडलेली सळई, बेअरिंगजवळ (खांब आणि वरचा स्लॅब यांच्यामधल्या आधाराजवळ) साचलेला कचरा हे सगळं त्याला दिसतं, वाहतूकही थांबवावी लागत नाही. ०.३ मिमीची भेग टिपायची तर एका पिक्सेलमध्ये त्याहून कमी पृष्ठभाग मावला पाहिजे, म्हणजे काँक्रीटच्या अगदी जवळ उडवावं लागतं. नेमकं स्लॅबखाली जीपीएस तुटतं आणि वाऱ्याच्या झोताने यंत्र खांबाकडे ढकललं जातं. शिवाय आतून पोकळ झालेलं काँक्रीट साध्या फोटोत कळत नाही, तिथे हातोडीने ठोकून आवाजच ऐकावा लागतो.

पाण्याखालचा रोबो केबलला बांधलेला असतो. गढूळ पाण्यात कॅमेरा आंधळा, म्हणून सोनार, म्हणजे ध्वनिलहरींनी तळ टिपणारं यंत्र, हवंच. केबल झाडाच्या फांद्यांत अडकते, जोराच्या प्रवाहात रोबो टिकत नाही. त्यामुळे तपासणी पूर ओसरल्यावर होते, आणि तिथेच फसगत होते: पुरात खांबाच्या पायाशी पडलेला खड्डा तोवर सैल गाळाने भरलेला असतो. तळ सपाट दिसला तरी भार पेलणारी माती गेलेली असू शकते.

खांबांचा पाया वाळूत असेल आणि पैसे एकाच तपासणीपुरते असतील, तर आधी पाण्याखाली उतरा.