ऑफ सीझनला फ्लोम: बोटीला पैकीच्या पैकी, गाडीला वेळ बघून

आधी निकाल सांगते, कारणं मागाहून. नोव्हेंबरात नॉर्वेतल्या फ्लोमला जाणार असाल तर बोटीचे पैसे बिनधास्त घाला, डोंगरगाडीचे पैसे घड्याळ बघून घाला, आणि गावात निदान दोन रात्री राहा. ओस्लोहून सकाळी निघून फियॉर्ड (उंच कड्यांमधून आत शिरलेली समुद्राची चिंचोळी खाडी) बघत रात्री बर्गन गाठायचं, अशी एका दिवसाची सहल पुष्कळ जण करतात. या दिवसांत त्यात नुकसान आहे. उजेड व्हायला साडेआठ-नऊ वाजतात आणि दुपारी चारच्या सुमारास सगळं आवरतं. त्यानंतर खिडकीच्या काचेत फक्त आपलंच तोंड दिसतं, आणि ते बघायला एवढ्या लांब जायची गरज नाही.

सोग्नेफियॉर्ड समुद्रापासून आत २०४ किलोमीटर शिरलेला आहे. त्याच्या ऑरलँड नावाच्या फाट्याच्या अगदी टोकाला फ्लोम. कायमची वस्ती जेमतेम साडेतीनशेच्या आसपास. उन्हाळ्यात इथे क्रूझची जहाजं लागतात आणि एकेका जहाजातून गावाच्या कितीतरी पट माणसं उतरतात. आम्ही गेलो तेव्हा धक्का रिकामा होता आणि अर्ध्या दुकानांना कुलूप. आमची लेक ओस्लोला असते, तिला रजा तेव्हाच मिळाली, म्हणून हा मुहूर्त. अभ्यास करून निवडलेला वगैरे नाही.

बोट जाते फ्लोमहून गुदवांगेनला, सुमारे दोन तास. आम्हाला मिळाली ती 'फ्यूचर ऑफ द फियॉर्ड्स', २०१८ पासून चालणारी, पूर्ण बॅटरीवरची. चारशे माणसं मावतात, आम्ही असू तीसेक. विजेवरची बोट म्हटल्यावर मला वाटलं होतं, असेल पर्यावरणाची जाहिरात. पण बोट धक्क्यावरून सुटली तेव्हा आमच्या ह्यांनी विचारलं, "अगं, निघाली का?" इतका आवाज कमी. डिझेलची धडधड नाही, धूर नाही. वरच्या डेकवर उभं राहिलं की धबधब्याचा आवाज आधी येतो आणि मग तो कुठे आहे ते शोधायचं.

या बोटीची आणखी एक गोष्ट मला भारी आवडली, ती माझ्या गुडघ्यांमुळे. बाहेरच्या बाजूने डोंगरातल्या पायवाटेसारखा नागमोडी उतार काढलाय, त्यावरून चालत चालत वरच्या डेकवर पोचता येतं. आत उबदार हॉल, मोठ्या काचा, कॉफी. मी दहा मिनिटं बाहेर, दहा मिनिटं आत असा हिशेब ठेवला होता. लेक सारखी म्हणत होती, "आई, आत चल ना, नाक बघ किती लाल झालंय." नाक होऊ दे लाल.

सुटल्यावर पहिला टप्पा ऑरलँडफियॉर्डचा. डाव्या हाताला उन्द्रेदाल दिसतं, मूठभर घरं. मग बोट डावीकडे वळून नॅरॉयफियॉर्डमध्ये शिरते आणि दोन्ही बाजूचे कडे जवळ यायला लागतात. सगळ्यात अरुंद जागी हे पाणी फक्त २५० मीटर रुंद आहे. २००५ मध्ये गाइरांगरफियॉर्डबरोबर याला युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. खरं सांगायचं तर धबधब्यांसाठी हा महिना नव्हे. बर्फ वितळून ते फुगतात मे-जूनमध्ये, नोव्हेंबरात बरेचसे काटकुळे असतात. पण सूर्य इतका खाली असतो की ऊन पाण्यापर्यंत पोचतच नाही, नुसत्या माथ्यांना लागतं. खाली सगळं निळं-करडं आणि वर बर्फाची एक नारिंगी कड, बोटीबरोबर सरकत जाणारी. भर उन्हाळ्यात दिवसभर पांढरा उजेड असतो, तेव्हा हे बघायला मिळणार नाही. शिवाय रेलिंगपाशी कोणाच्या सेल्फी स्टिकच्या आड मान घालावी लागत नाही.

परतीला गुदवांगेनहून बस. अकरा किलोमीटरहून लांब एक बोगदा, पाठोपाठ पाच किलोमीटरचा दुसरा, आणि वीसेक मिनिटांत फ्लोम. जाताना दोन तास आणि येताना वीस मिनिटं, तिकिटाचे पैसे कशाचे दिले ते लगेच कळतं. बोट आणि बस एकदमच बुक करा, कारण हिवाळ्यात दोन्हींच्या फेऱ्या कमी असतात आणि एक चुकली की दिवसाचा उजेड गेला.

आता गाडी. ह्यांची सगळी नोकरी रेल्वेत गेली, त्यामुळे या विषयावर घरात माझं काही चालत नाही. फ्लोमबाना म्हणजे फ्लोम ते म्युर्दाल, २० किलोमीटर. खाली गाडी जवळपास समुद्रसपाटीला आणि वर ८६६ मीटरवर, तासाभरात. ह्यांच्या म्हणण्याप्रमाणे आपल्या कसारा घाटाचा चढ एकास सदतीस, म्हणजे सदतीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर, तिथे गाडीला मागून बँकर इंजिनं लावून ढकलावं लागतं. इथला चढ एकास अठरा, म्हणजे दुपटीहून जास्त, आणि तोही बहुतेक सगळ्या वाटेवर. गाडी घसरू नये म्हणून घाटात कुठे कुठे बसवतात तसे दातेरी रूळ नाहीत, साधेच रूळ. गाडीच्या दोन्ही टोकांना इंजिन असतं. वीस बोगदे, त्यातले अठरा हातांनी खोदलेले. काम सुरू झालं १९२४ मध्ये आणि गाडी धावली १९४० मध्ये. हे सगळं मला डब्यात बसल्या बसल्या ऐकावं लागलं, त्यामुळे पाठ झालंय.

गाडी रिकामी असण्याचा फायदा ह्यांनी पुरेपूर घेतला. डाव्या खिडकीतून उजव्या, उजवीतून डाव्या, लहान मुलासारखी फिराफिर. उन्हाळ्यात हे करायला गेलं तर शेजारचा रागावेल. ख्योसफोसेन धबधब्यापाशी उन्हाळ्यात गाडी थांबते आणि लाल कपड्यातली बाई खडकावर नाचून दाखवते, हुल्द्रा नावाची तिथली लोककथेतली मोहिनी. हिवाळ्यात नाच नाही. आम्ही डब्यातूनच अर्धवट गोठलेला धबधबा पाहिला, मला तो तसाच बरा वाटला. याच धबधब्यावर या रेल्वेसाठी वीजघर बांधलं होतं, ही माहिती अर्थात ह्यांची. खाली फ्लोमला पाऊस आणि वर म्युर्दालला पांढरं शुभ्र, हा फरक एका तासात बघणं ही या गाडीची खरी गंमत.

पण तिला पैकीच्या पैकी का नाही? दिवसातल्या मोजक्या फेऱ्यांपैकी संध्याकाळची फेरी काळोखात जाते आणि तिकिटाला तेवढेच पैसे पडतात. शिवाय बोगद्यांमुळे दृश्य तुटक तुटक मिळतं, कॅमेरा वर केला की अंधार. सकाळी वर जा, दुपारी दोनच्या आत खाली या. तसं जमत नसेल तर स्टेशनशेजारचं रेल्वेचं छोटं संग्रहालय बघा, ते फुकट आहे. ह्यांना तिथून बाहेर काढायला मला दोनदा आत जावं लागलं.

स्टेगास्टाइनला मात्र आधी पैसे भरू नका. फियॉर्डच्या ६५० मीटर वर, कड्यातून तीस मीटर हवेत पुढे काढलेला हा लाकडी सज्जा २००६ मध्ये उभा राहिला. टोकाला लाकूड गोल वळून खाली जातं आणि आपण व पोकळी यांच्यामध्ये उरते फक्त काच. सज्जावर जायला तिकीट नाही, पैसे लागतात ते फ्लोमहून येणाऱ्या मिनीबसचे. जाऊन-येऊन दीड तास. ऑरलँड गावाहून वर चढणारा रस्ता इतका वळणावळणाचा आणि चिंचोळा आहे की समोरून गाडी आली की मी डोळे मिटत होते. या रस्त्याचा पुढचा, डोंगरावरून लॅरदालला जाणारा भाग हिवाळ्यात बंद असतो, सज्जापर्यंतचा चालू ठेवतात. अडचण ढगांची. खाली गावात नुसतं मळभ असलं तरी वर काहीच दिसत नाही असं होऊ शकतं. सकाळी मान वर करून समोरचे माथे दिसतात का बघावं, आणि मगच तिकीट काढावं. आणि तिथलं स्वच्छतागृह वापरायचं नसलं तरी आत डोकावून या. काचेची भिंत थेट दरीकडे आहे. इतकं देखणं स्वच्छतागृह मी तरी पाहिलेलं नाही.

उन्द्रेदाल बोटीतून दिसलं म्हणून लेकीला तिथे जायचंच होतं. १९८८ पर्यंत या गावाला रस्ता नव्हता, ये-जा सगळी पाण्यातून. तिथलं लाकडी चर्च ११४७ सालचं आहे, आत जेमतेम चाळीस माणसं बसतील एवढं. नोव्हेंबरात ते बंद, म्हणून बाहेरूनच. बसच्या वेळा जुळेनात म्हणून टॅक्सी केली, तिचा आकडा इथे लिहीत नाही. पण शेळीच्या दुधाचं तपकिरी चीज खाल्लं. दुधाची निवळी तासन्‌तास आटवतात, तिच्यातली साखर करपायच्या बेताला येते, म्हणून ते गोड-खारट लागतं. ह्यांनी एक तुकडा खाऊन बाजूला ठेवलं. मी उरलेलं संपवलं.

पायी फिरायला पैसे लागत नाहीत, आणि ते सुंदर आहे. नदीकाठाने सपाट रस्त्याने १६७० सालच्या फ्लोम चर्चपर्यंत कोणीही जाऊ शकेल. ब्रेक्केफोसेन धबधब्याच्या वाटेवर नेपाळहून आलेल्या शेर्पांनी दगडी पायऱ्या बसवल्या आहेत. त्या पक्क्या आहेत, पण बर्फ धरलं की घसरतात. बुटांना चढवायचे खिळेदार पट्टे मिळतात, ते ओस्लोतच घ्या. ते नव्हते म्हणून मी अर्ध्यातून परत फिरले, लेक वर जाऊन आली.

खाण्याचं काय, हे सगळे विचारणारच. शाकाहारी असाल तर स्वयंपाकघर असलेली खोलीच घ्या. एका कॅफेच्या दारावर 'उघडं' अशी पाटी होती, आत गेलो तर स्वयंपाकघर बंद झालेलं, नुसते केक. एइर नावाच्या बिअरघराची इमारत जुन्या लाकडी चर्चांच्या धाटणीची आहे, मधोमध मोठी शेकोटी. ह्यांनी बिअर घेतली, मी शेकोटी. सुपरमार्केटमधून भाज्या आणून खिचडी केली, पण रविवारी नॉर्वेत बहुतेक सुपरमार्केटं बंद असतात, तेवढं शनिवारीच उरकून ठेवा. पैसे सगळीकडे कार्डाने, नोटा काढायची वेळ आली नाही. आमच्या खोलीतला हीटर मात्र रात्रभर कुरकुरत होता, आणि मालकाला फोन केला तर तो हिवाळ्यापुरता स्पेनला.

धबधबे भरलेले बघायला मे महिन्यात परत यायचं, असं ह्यांनी परस्पर ठरवून टाकलंय. लेकीने त्या महिन्यातले खोल्यांचे भाव फोनवर काढून दाखवले. सध्या त्यावर घरात कोणी काही बोलत नाही.